ध्वनीला प्रतिसाद : होय

११ सप्टेंबर २०२२, रविवार

कॉलेजच्या वहीत मागच्या पानांवर खरडायची सवय मोडायची म्हणून ही डायरी. राजुऱ्याच्या बसस्टँडसमोर घेतली. मुखपृष्ठावर ताजमहाल आहे, त्याला माझा इलाज नाही.

मी मंजुषा. बी.एस्सी. गृहविज्ञान, शेवटचं वर्ष, विषय मानव विकास. एवढ्या थाटात लिहिलं, कारण तोंडाने सांगितलं की लोक हसतात. गावात सगळ्यांची समजूत आहे की मी रोज चंद्रपूरला जाऊन वरणाला फोडणी द्यायला शिकते. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, त्यांचा विनोद ठरलेला : "पोट्टे तं आमीबी मोठे केले बापा, बिना डिगरीचे." आई लगेच म्हणते, "तुमी कवा केले? तुमी तं तिकिटा फाडत होते."

यंदा केस स्टडी आहे. एक ते तीन वर्षांचं मूल निवडायचं, सहा भेटी द्यायच्या, विकासाचे टप्पे तपासून प्रपत्र भरायचं. पंचवीस गुण. बाकीच्या पोरी मूल शोधत फिरताहेत आणि माझ्या घरात तयार आहे. राजदीपदादाची मुलगी यशोधरा, आमची यशू, वीस महिन्यांची. केस असे की कंगवा हात टेकतो. मी दारात दिसले की पळत येऊन ओढणीत शिरते. अजून आत्या म्हणत नाही. वहिनीशी पैज लावली आहे की आईच्या आधी ती आत्या म्हणणार.

१८ सप्टेंबर, रविवार

पहिली भेट. स्वतःच्याच घरात भेट लिहिताना हसू येतं, पण नियम म्हणजे नियम. निरीक्षकाने मध्ये पडायचं नाही, मूल जसं आहे तसं लिहायचं.

चालते, पळते, उकिडवी बसते, पायरी चढते. सहा ठोकळ्यांचा मनोरा पहिल्या झटक्यात. पेन्सिल धरते. मी मनात म्हटलं, पोरगी माझ्यावर गेली.

नावाने पाचदा हाक मारली, मागून. डब्यांची झाकणं लावण्यात इतकी गुंग होती की वळलीच नाही. जवळ जाऊन बसले तशी लगेच वळून हसली. 'एकाग्रता उत्तम' लिहिलं.

दोनला गावाशेजारच्या कोळसा खाणीचा भोंगा झाला. त्याच्याकडे तिचं लक्षही नाही. रोजचा आवाज, सरावली आहे. पुस्तकात याला हॅबिच्युएशन म्हणतात, तो शब्दही लिहिला, मॅडम खूश होतील. मग ब्लास्टिंग झालं. आमच्या गावाला ते नवं नाही, रोज जमीन हादरते, फळीवरची भांडी खणखणतात, भिंतीचा पोपडा पडतो. यशू दचकली, झाकण टाकलं आणि धावत जाऊन वहिनीच्या पायाला बिलगली. 'मोठ्या ध्वनीला प्रतिसाद : होय.'

नंदिनीवहिनी मुळातच कमी बोलते. तिचं माहेर एटापल्लीकडचं, बारावी झाली आणि इथे लग्न करून आली. मी प्रपत्र भरत होते तेव्हा कणीक मळतामळता म्हणाली, "ताई, एक इचारू? हे पोरगी हाकेले पाहत नाई. मी कवाची पाहून राह्यली."

मी म्हटलं, "वहिनी, आत्ता तुझ्यासमोर ब्लास्टिंगले दचकली ना? मग? दर पोराचा आपला वेग राह्यते."

ती म्हणाली, "तुमी शिकून राह्यल्या, तुमाले समजते." आणि पुन्हा कणकेला लागली. मला बरं वाटलं. घरात माझ्या शिक्षणाचा मान ठेवणारी ती एकटीच आहे.

१६ ऑक्टोबर, रविवार

चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो, सगळे. गर्दी म्हणजे गर्दी. पुस्तकांचे स्टॉल, भोंगे, भीमगीतांचे डीजे, एकमेकांवर ओरडणारी माणसं. माझं डोकं उठलं. यशू मात्र डीजेच्या खोक्यापासून पन्नास पावलांवर दादाच्या खांद्यावर गाढ झोपली. एक म्हातारी थांबून म्हणाली, "काय शांत लेकरू हाये बाई, नाईतं आमचे नातू!" दादाची मान ताठ झाली.

मी दोन पुस्तकं घेतली. एक बालमानसशास्त्राचं.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

पंचवीसपैकी तेवीस! वाकडे मॅडमनी माझी केस स्टडी वर्गात वाचून दाखवली. हॅबिच्युएशनवर त्या थांबल्या आणि "बघा" म्हणाल्या.

दोन गुण कापल्याचं कारण समासात लाल शाईने आहे. 'हाक : एकदाच तपासली का? शांत वेळी, पाठीमागून, पुन्हा पाहावे.' पाचदा मारली असं स्पष्ट लिहिलंय मी! माझी मैत्रीण उर्वशी म्हणते, जाऊन विचार. तेवीसवर भांडायला गेलं तर लोक हावरट म्हणतील, म्हणून गेले नाही.

१४ डिसेंबर, बुधवार

अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं होतं. कॉलेजला दांडी मारून मुद्दाम गेले, प्रत्यक्ष तपासणी बघायला मिळते. वहिनी यशूला घेऊन रांगेत. डॉक्टरीण तरुणच होती, समोर साठ पोरं, नुसता गोंगाट. वजन, उंची, डोळे, दात. मग विचारलं, "ऐकू येतं का बरोबर? बोलते का?"

वहिनी म्हणाली, "बोलत नाई अजून. मले वाट्टे..."

तिला नीट सांगता येत नाही, अडखळते, आणि मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, "मॅडम, मी मानव विकासची विद्यार्थिनी आहे. हिची केस स्टडी मीच केली. ध्वनीला प्रतिसाद उत्तम आहे." डॉक्टरीण हसली, म्हणाली, "वा, घरातच एक्स्पर्ट!" आणि बरोबरची खूण केली.

घरी येताना वहिनी गप्प होती. थकली असणार.

१७ मार्च २०२३, शुक्रवार

आज करिअर मार्गदर्शन झालं. मॅडमनी फळा भरून टाकला. मानव विकासच्या पोरी काय काय करू शकतात : एम.एस्सी., समुपदेशनाचा डिप्लोमा, अंगणवाडी पर्यवेक्षिकेची परीक्षा, समाजकार्य, स्वतःची बालवाडी, गडचिरोलीच्या संस्थांमध्ये काम, विशेष शिक्षणातलं बी.एड. या शेवटच्यावर त्या जरा जास्त बोलल्या. कर्णबधिर, गतिमंद मुलांसाठी आपल्या दोन जिल्ह्यांत माणसंच मिळत नाहीत, कुणी जाणार का? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मीही खाली मान घालून पेनचं टोपण उघडत बसले.

उर्वशी पर्यवेक्षिकेची परीक्षा देणार. मी तिला चिडवलं, "जा मग, स्कूटीवर गावोगाव फिर आन् पोट्ट्यायचे वजनं करत राह्य." ती म्हणाली, "तू काय करशीन, महाराणी?" मी म्हटलं, नागपूरला एम.एस्सी., मग नेट, मग प्राध्यापक. पोरांची वजनं दुसऱ्यांनी करावीत, मी त्यावर पेपर लिहीन.

बाबांना सगळी यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, "याच्यात पेन्शन कोनत्याले हाये?"

२० ऑगस्ट, रविवार. नागपूर

प्रवेश मिळाला, होस्टेलही. खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं. गाव सुटल्याचं पहिलं लक्षण म्हणजे दुपारी दोन वाजले तरी काहीच हललं नाही.

निघताना यशू ओढणी सोडेना. अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. 'बा बा बा' करायची, तेही हल्ली कमी झालंय. तिला जे हवं ते माझा हात धरून दाखवते, खूप हुशार आहे. पैज मी हरले नाही, वहिनीही जिंकली नाही. आई म्हणते, "राजदीपबी तीन सालाचा होयेपर्यंत बोल्ला नवता, आता पाहा, चूप राह्यते का?" बरोबर आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलांवर आम्हाला आख्खा एक धडा आहे. वहिनीला तो वाचून दाखवला. ती "हो ताई" म्हणाली. दादा तिला म्हणाला, "आता तं आयकलं ना? एक तं घरात शिकेल मानूस हाये, त्याचं आयकत जा."

१९ नोव्हेंबर, रविवार

वहिनी दिवाळीपासून माहेरी आहे. आज फोन आला, रेंज शोधत टेकाडावर चढून केलेला.

"ताई, इथी येऊन आठ दिवस झाले, हे एकदाबी दचकली नाई. ढगं गरजले, कुत्रे भुकले, मायच्या हातून पाण्याचा पितळी गुंड पडला इच्या मांगं. पाह्यलंच नाई. माय म्हन्ते, पोरीले आयकू येत नाई."

तिची आई, धुरपताबाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मी जरा चिडलेच. म्हटलं, "वहिनी, नवी जागा आहे, मुलं बुजतात. घरी दचकते ना ती? रोज दचकते. ज्याले ऐकू येत नाही ते दचकेल कसं?"

फोनमध्ये नुसता टेकाडावरचा वारा ऐकू येत होता. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "बरं. मायले सांगतो तसं."

सेमिनारचा विषय ठरला : बालविकासातील पालकांचे गैरसमज.

२३ जानेवारी २०२४, मंगळवार

आज लिहवत नाही. तरी लिहिते.

वर्गाची क्षेत्रभेट होती, एका श्रवण तपासणी केंद्रात. काचेची खोली, भिंतींना स्पंज. तिथल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, "पालक उशिरा येतात, कारण सगळ्यांचं एकच पालुपद. फटाक्याला दचकतं, दार आपटलं की बघतं, म्हणजे ऐकतंय. अहो, ते जमिनीतून कळतं त्यांना. पायाने, पाठीने. बहिरं मूल हादरा आपल्यापेक्षा आधी ओळखतं."

माझ्या शेजारची पोरगी हे उतरवून घेत होती. मी काही लिहिलं नाही. मला फळीवरची भांडी दिसली, खणखणताना. आणि त्याच्या आधीचा भोंगा, दोन मैल ऐकू जाणारा, आणि यशू झाकणं लावत बसलेली. हॅबिच्युएशन.

जेवले नाही. सकाळी सहाची बस आहे.

२४ जानेवारी, बुधवार. घर

पोचले तेव्हा यशू अंगणात दाराकडे पाठ करून बसली होती, चिंचोके मांडत. वहिनी धुणं वाळत घालत होती, तिने मला बघितलं, मी तोंडावर बोट ठेवलं.

यशू. यशू. यशोधरा. मी तिच्या मागे चार पावलांवर उभी राहून ओरडले. शेजारची माणसं बाहेर आली. झाडावरचे कावळे उडाले. यशूने एक चिंचोका उचलून दुसऱ्या ओळीत ठेवला.

मग मी पाय आपटला. ती वळली. मला बघून हसली, पळत आली आणि ओढणीत शिरली.

वहिनीच्या हातात ओला टॉवेल होता. तिने तो झटकून दोरीवर टाकला. काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. नागपूर

तपासणी झाली. झोपेचं औषध देऊन डोक्याला तारा लावतात, मूल झोपलेलं असताना यंत्र कानात आवाज सोडतं आणि मेंदूपर्यंत किती पोचलं ते कागदावर उमटतं. दोन्ही कान. काहीच पोचत नाही.

डॉक्टरांनी कागद पाहिला, तिचं वय पाहिलं. "तीन वर्षं. इतके दिवस काय केलं? आधी कुणीच तपासलं नाही हिला?"

मी वहिनीच्या शेजारी उभी होते. वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "नाई साहेब. कोनी नाई पाह्यलं. आमी खेड्यातले मानसं, आमाले नाई समजलं."

दादा मान खाली घालून उभा होता. त्याला वाटलं, कुणी तपासलं नाही हे खरंच आहे.

१२ मार्च, मंगळवार

कानाचं यंत्र लावून पाहिलं, उपयोग नाही. कानाच्या आत यंत्र बसवायच्या शस्त्रक्रियेसाठी डोक्याची तपासणी केली. ऐकण्याची नसच जन्मापासून नीट तयार झालेली नाही, ऑपरेशन करून काही मिळणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दीड वर्षाची असताना आणली असती तरी ऐकू आलं नसतं.

इथे मी खरं लिहिणार आहे, कारण ही वही कुणी वाचत नाही. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. यशू कधीच ऐकणार नाही हे ऐकताना माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की म्हणजे माझ्यामुळे नाही.

दुपारी त्या केंद्रातल्या बाईंकडे गेले. बहुतेक त्यांच्याही तोंडून तेच ऐकायचं होतं. त्यांनी सगळे कागद पाहिले. म्हणाल्या, "कान गेलेच होते, बरोबर आहे. पण भाषा काही फक्त कानातून येत नाही. वर्षाच्या मुलाला खुणांची भाषा शिकवायला सुरुवात केली तर ते तिसऱ्या वर्षी भांडतं, खोटं बोलतं, गोष्ट सांगतं. हिच्याकडे तीन वर्षांत एकही शब्द आलेला नाही, कुठल्याच भाषेत. उद्या म्हणजे काय, आपण परत येणार म्हणजे काय, तिला ठाऊक नाही. जे समोर नाही ते तिच्यासाठी नाही. ती वर्षं सगळ्यात मोलाची होती."

मी त्यांना सांगितलं, केस स्टडी मी केली होती. त्यांनी चहा मागवला. मी तो प्याले, कसा प्याले माहीत नाही.

१७ मार्च, रविवार. घर

दादाला सांगितलं. तो डंपरची ड्युटी करून आला होता, अंगभर कोळशाची धूळ. हातपाय धुऊ दिले आणि सगळं सांगितलं. केस स्टडी, अंगणवाडीतलं, एटापल्लीचा फोन.

तो म्हणाला, "नंदिनीनं तुले सांगतलं होतं?"

"हो. तीनदा."

"मलेबी सांगतलं होतं. मी म्हनलो, मंजू शिकून राह्यली ना, तुले जास्त समजते का तिच्यापेक्षा?" आणि मग तो हातातल्या टॉवेलात तोंड घालून रडायला लागला. दादाला मी आजोबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं तो मारेल. त्याने मारलं असतं तर मी उभी राहिले असते.

बाबा ओट्यावर होते, त्यांनी सगळं ऐकलं. डिग्रीचा विनोद त्यांनी आज केला नाही. करावा असं मला फार वाटलं.

वहिनीची माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. ती म्हणाली, "ताई, जेवून घ्या. पोळ्या गरम हायेत."

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. नागपूर

वर्षभर या डायरीला हात लावला नाही. आज लिहावंसं वाटलं, कारण उर्वशीचा फोन आला. ती पर्यवेक्षिका झाली, गडचिरोलीकडच्या गावांत फिरते, स्कूटीवरूनच. म्हणाली, "मंजू, तू सांगतलं तवापासून मी दर पोट्ट्याच्या मांगं उभी राहून हळूच हाक मारतो. पाय नाई आपटत. काल एक सापडली, चौदा महिन्याची. तिच्या मायले घेऊन आज गडचिरोलीले गेलतो."

मी म्हटलं, "चांगलं केलं." फोन ठेवून खूप वेळ रडले. त्या चौदा महिन्यांच्या पोरीसाठी आनंदाने रडले असं लिहायला आवडेल, पण तसं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. यशूच्या वाटणीचे दिवस तिला मिळाले.

नेटचा फॉर्म भरला नाही. विशेष शिक्षणाच्या बी.एड.चा भरला, कर्णबधिर विभाग. त्यात एक रकाना आहे, 'हा अभ्यासक्रम निवडण्याचे कारण'. तीन कागद फाडले. शेवटी 'आवड' लिहिलं.

यशूला आता अकरा खुणा येतात. पाणी, पोळी, गाय, आई, झोप, गरम, नको. मी सुटीत जाते तेव्हा शिकवते, आणि वहिनी भांडी घासतानासुद्धा ओल्या हातांनी सराव करते. केंद्रातल्या बाई म्हणतात, अकरा खुणा म्हणजे भाषा नव्हे. जिथे सगळी मुलं दिवसभर हातांनी बोलतात, तिथे तिला ठेवा. मग धबधब्यासारखी येईल. चंद्रपूरला एक निवासी शाळा आहे, चार पूर्ण झालेल्या मुली घेतात.

वहिनीने विचारलं, "मले राहू देतीन का तिच्यासंग?" नाही देणार.

३० जून, सोमवार

आज यशूला शाळेत सोडलं.

शाळा चांगली आहे. चांगली नसती तर परत आणता आली असती. अंगणात पंधरावीस पोरी, कुणाच्याच तोंडून आवाज नाही आणि सगळ्या एकाच वेळी बोलताहेत, बोटं, भुवया, खांदे. एक जण दुसरीची नक्कल करत होती आणि बाकीच्या पोट धरून हसत होत्या. यशू माझ्या ओढणीआडून डोळे फाडून बघत होती. असली माणसं तिने जन्मात पाहिली नव्हती.

अधीक्षिका म्हणाल्या, पहिला महिना घरी न्यायचं नाही. दर शनिवारी भेटा. आणि आता ती खेळात रमली की गुपचूप निघा, दिसलात तर रडेल.

वहिनीने माझा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "ताई, असं नका करू. तिले सांगून जाऊ. शनिवारी येतो म्हून सांगा ना तिले. तुमी तं हेच शिकल्या."

हेच शिकले. मुलाला न सांगता निघून जाऊ नये, हे आमच्या पुस्तकात ठळक अक्षरात आहे. आईच्या परत येण्याची खात्री ही मुलाची पहिली श्रीमंती, असं मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. सांगायचं कशात, ते त्या पुस्तकात नाही.

तरी मी बसले. यशूला समोर घेतलं. वहीवर तिचं चित्र काढलं, शेजारी शाळा. मग पाच सूर्य काढले, पाच दिवसांचे. प्रत्येक सूर्याखाली झोपेची खूण केली. पाचव्याच्या पुढे आई काढली, बाबा, आत्या, हात पसरून येणारे. आईकडे बोट केलं, जाते असं दाखवलं, सूर्य मोजले, येते असं दाखवलं. चारदा.

ती अगदी लक्ष देऊन बघत होती. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि पाचही सूर्यांना केस काढले. आणि हसली, माझ्याकडे बघून, शाबासकीसाठी.

वहिनीने तिला शाबासकीची खूण केली. मग एका मोठ्या पोरीने तिला हात धरून झोक्याकडे नेलं आणि आम्ही निघालो. गुपचूप.

फाटकाबाहेर आल्यावर तिचा आवाज ऐकू आला. शब्द नाही, नुसता आवाज, न थांबणारा. दादाने मोटरसायकलला किक मारली, बसली नाही, पुन्हा मारली. वहिनी वळून फाटकाकडे निघाली, मी तिला धरून ठेवलं. अधीक्षिकांनी हेच सांगितलं होतं की तिला दिसू नका. मी पुन्हा वहिनीचं सोडून शिकलेल्यांचंच ऐकलं.

३ जुलै, गुरुवार

अधीक्षिकांचा फोन आला होता. जेवते आता, थोडं. पोरींनी तिला नावाची खूण दिली, केसांवरून. दिवसभर ठीक असते. संध्याकाळ झाली की चपला घालून, पिशवी खांद्याला लावून फाटकाशी जाऊन बसते. उचलून आत आणावं लागतं.

वहिनीला मी हे सांगणार नव्हते, पण फोन तिच्या शेजारीच वाजला होता. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, यशूचे जुने फ्रॉक, लहान झालेले.

म्हणाली, "तिले वाट्टे आपुन तिले टाकून देल्लं."

मी पेटी पुढे ओढली.

"तुमी मनाले लावून घेऊ नका, ताई. चूक माहीच हाये. मी माय होती. मले दिसून राह्यलं होतं. जोरानं बोलाले पायजे होतं, मी चूपच राह्यली."

मी म्हटलं, "वहिनी, तू बोलली होती. मी ऐकलं नाही."

ती म्हणाली, "तुमी तरी काय करान," आणि फ्रॉकची घडी माझ्या हातात दिली, पेटीत ठेवायला.

शनिवार परवा आहे. दादाने सुटी टाकली, आईने लाडू केले, बाबांनी एसटीचं टाइमटेबल तोंडपाठ असून पुन्हा स्टँडवर जाऊन विचारलं. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे की शनिवार परवा आहे. आत्ता संध्याकाळचे साडेसहा झालेत. ती चपला घालून बसली असेल.